पबमेडमध्ये खर्रा शोधताना

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "सर, मी एमएस्सी नर्सिंगला आहे, विषय सामुदायिक आरोग्य. गाव कुरखेड्याकडचं. आमच्याकडच्या गरोदर बाया खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण, खातात आणि त्यांच्या बाळांचं वजन कमी भरतं असं मला दिसतं, म्हणून प्रबंधाचा विषय तोच घेतला. गूगलवर टाकलं तर लाखो निकाल येतात, पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीवर, टाकलं तर एकही नाही. जे बरं वाटतं ते उघडायला डॉलर मागतात. कॉलेजचं ग्रंथालय लहान आहे. गाईड मॅडम म्हणतात, फक्त मागच्या पाच वर्षांचे पेपर घ्या. सुरुवात कुठून करू?"

ताई, विषय उत्तम निवडलात, आणि त्यावर वाचण्यासारखं बरंच आहे. ते तुमच्यापर्यंत पोचत नाही याची दोन वेगळी कारणं आहेत. एक, लेख सापडत नाही. दोन, सापडलेला लेख उघडत नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझ्या टेबलापाशी येणारे बहुतेक विद्यार्थी ही दोन्ही कामं एकदम करायला बघतात. "सर, खर्ऱ्यावरचे फुकटातले पीडीएफ द्या." असं केलं की फुकट तेवढंच वाचलं जातं आणि महत्त्वाचं राहून जातं. म्हणून आधी फक्त शोधायचं. उघडतं की नाही, याचा विचार तोवर बाजूला ठेवायचा.

पबमेडवर शून्य का आलं? तुम्ही नेमकं काय टाकलं ते लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज आहे की प्रबंधाचं अख्खं शीर्षक टाकलं असेल: 'इफेक्ट ऑफ खर्रा कन्झम्प्शन ऑन बर्थ वेट अमंग ट्रायबल वूमेन ऑफ कुरखेडा तालुका'. इथे मी सगळं देवनागरीत लिहितोय, शोधताना मात्र इंग्रजी अक्षरांतच टाका. पबमेड अशा ओळीतले 'ऑफ', 'ऑन' असले शब्द सोडून देतं आणि उरलेल्या शब्दांच्या मध्ये स्वतःहून 'अँड' घालतं. म्हणजे खर्रा, ट्रायबल, कुरखेडा आणि तालुका हे सगळेच्या सगळे ज्यात आहेत असाच लेख दाखव, असं तुम्ही त्याला सांगितलंत. तसा लेख अजून कुणी लिहिलेला नाही. तो तुम्ही लिहिणार आहात.

शिवाय पबमेड लेखाचा पूर्ण मजकूर तपासत नाही. तिथे साडेतीन कोटींहून अधिक लेखांच्या नोंदी आहेत, आणि नोंद म्हणजे शीर्षक, ॲब्स्ट्रॅक्ट (लेखाचा सारांश), लेखकांची नावं, त्यांच्या संस्थेचा पत्ता, नियतकालिक आणि विषयाचे ठरावीक शब्द. एखाद्या लेखाच्या चौथ्या पानावर खर्रा हा शब्द दहा वेळा असला, पण ॲब्स्ट्रॅक्टमध्ये 'स्मोकलेस टोबॅको' एवढंच असलं, तर 'खर्रा' टाकून तो लेख पबमेडमध्ये सापडणार नाही. तुम्हाला गावात जो शब्द ऐकू येतो त्यानं शोधून भागत नाही, लेखकानं ॲब्स्ट्रॅक्टमध्ये काय लिहिलं असेल ते ओळखावं लागतं. सगळी मेहनत इथेच आहे, आणि ती संगणक उघडण्याआधी कागदावर करायची आहे.

एक कोरा कागद आडवा धरा आणि तीन रकाने पाडा. पहिल्यात सवय, म्हणजे तंबाखू. दुसऱ्यात माणूस, म्हणजे गरोदर बाई. तिसऱ्यात परिणाम, म्हणजे बाळाचं वजन. आता प्रत्येक रकान्यात त्याच अर्थाचे, जवळच्या अर्थाचे जेवढे शब्द सुचतील तेवढे खाली खाली लिहीत जा.

पहिला रकाना सगळ्यात लांब होईल. आपल्या पानठेल्यावर तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून जो खर्रा मिळतो, त्याच्याशी अगदी मिळताजुळता प्रकार पश्चिम महाराष्ट्रात आणि गुजरातेत मावा म्हणून खाल्ला जातो. कोकणात, मुंबईत बाया मिश्री लावतात, तिलाच मशेरीही म्हणतात. बिहारकडे खैनी. मग झर्दा, गुटखा, पानमसाला. हे झाले देशी शब्द. लेखक बहुतेक वेळा 'स्मोकलेस टोबॅको', 'च्युइंग टोबॅको', 'टोबॅको च्युइंग', 'ओरल टोबॅको', 'बीटल क्विड', 'अरेका नट', 'बीटल नट' असं लिहितात. हे सगळं रकान्यात हवं. आणि प्रत्येक देशी शब्दाची इंग्रजी अक्षरं वेगवेगळी लिहिली जातात. गुटख्यात कुणी 'के'च्या पुढे 'एच' घालतं, कुणी घालत नाही, कुणी 'जी'च्या पुढेही 'एच' घालतं. मिश्री एक 'एस' घेऊन, 'एच' टाकून, 'मशेरी' करून, अशी निदान तीन रूपांत दिसते. जेवढी रूपं माहीत तेवढी लिहा.

फक्त 'पान' हा एकटा शब्द टाकू नका. इंग्रजीत 'पॅन' हा उपसर्ग सगळीकडे असतो. कर्करोगाच्या जनुकांवरचे, औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवरचे हजारो लेख त्यातून आत शिरतील. 'बीटल क्विड'नं काम भागतं. 'मावा' टाकला तर खव्यावरचे, दुधाच्या पदार्थांवरचे लेख येतील, पण त्याची काळजी नको. पुढे हा रकाना गरोदरपणाच्या रकान्याशी जोडला की खवा आपोआप गळून पडतो.

दुसऱ्या रकान्यात 'प्रेग्नन्सी', 'प्रेग्नंट', 'मॅटर्नल', 'अँटिनेटल', 'प्रीनेटल', 'मदर्स'. तिसऱ्यात 'बर्थ वेट', तोच शब्द जोडून लिहिलेला 'बर्थवेट', 'लो बर्थ वेट', 'स्मॉल फॉर जेस्टेशनल एज', 'फीटल ग्रोथ', 'प्रीटर्म', 'स्टिलबर्थ', 'प्रेग्नन्सी आउटकम'. फीटस आणि ॲनिमिया हे ब्रिटिश आणि अमेरिकन पद्धतीनं वेगळे लिहिले जातात, तर दोन्ही लिहा. 'इफेक्ट', 'इम्पॅक्ट', 'रोल', 'स्टडी' असले शब्द कुठल्याच रकान्यात नकोत. लेखकानं ते वापरले असतील किंवा नसतील, आणि नसले तर चांगला लेख विनाकारण हातचा जाईल.

गडचिरोली, आदिवासी, कुरखेडा यांचा चौथा रकाना करण्याचा मोह होईल. आता करू नका. बांगलादेशातल्या किंवा ओडिशातल्या बाईवर झालेला अभ्यासही तुम्हाला लागणार आहे.

आता पबमेड उघडा आणि थेट ॲडव्हान्स्ड या पानावर जा. पहिल्या रकान्यातले सगळे शब्द 'ऑर'नं जोडून एक शोध चालवा. 'ऑर', 'अँड' ही अक्षरं मोठ्या लिपीत लिहायची. दोन-तीन शब्द मिळून होणाऱ्या नावांना अवतरणचिन्हं द्या आणि प्रत्येक शब्दाला शीर्षक-ॲब्स्ट्रॅक्टची खूण लावा, म्हणजे चौकोनी कंसात टी-आय-ए-बी. मग दुसऱ्या रकान्याचा वेगळा शोध, मग तिसऱ्याचा. त्याच पानावर खाली हिस्ट्रीत हे तीन शोध क्रमांक एक, दोन, तीन म्हणून दिसतील. शेवटी एक अँड दोन अँड तीन. असं तुकड्यातुकड्यानं केलं की कुठे चुकलं ते लगेच कळतं. पहिल्या रकान्यातच जेमतेम दहा निकाल आले तर स्पेलिंग किंवा कंस चुकलाय हे समजायचं. आपल्याकडे मधेच रेंज जाते, लाइट जाते, तरी घाबरू नका, काम थांबल्यानंतरही आठ तासांपर्यंत हिस्ट्री राहते. तरी शोधाची पूर्ण ओळ कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर पाठवून ठेवा.

सगळं एकाच ओळीत लिहिणार असाल तर कंस फार महत्त्वाचे. पबमेड डावीकडून उजवीकडे वाचत जातं. 'ऑर'चा प्रत्येक गट कंसात नसेल तर 'अँड' भलत्याच शब्दाला चिकटतो आणि निकाल हजारोंनी फुगतात. निकाल अचानक फुगले की माझी नजर आधी कंसांवर जाते.

एवढ्यानं अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं मेश या शब्दसूचीचं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयानं १९६० पासून विषयांची ठरावीक नावं तयार केली आहेत आणि ती दरवर्षी सुधारली जातात. लेखकानं गुटखा म्हणो, खैनी म्हणो की स्नफ, मेडलाइनमध्ये, म्हणजे त्याच ग्रंथालयाच्या निवडक नियतकालिकांच्या सूचीत, नोंद करताना त्या लेखावर 'टोबॅको, स्मोकलेस' हे एकच नाव लागतं. पबमेडच्या पहिल्या पानावरून मेश डेटाबेस उघडा आणि तिथे हे नाव शोधा. त्याच्या खाली त्याच अर्थाच्या इतर शब्दांची यादी दिसेल, ती तुमच्या पहिल्या रकान्यात भरून घ्या. तसंच 'अरेका', 'इन्फंट, लो बर्थ वेट', 'बर्थ वेट', 'प्रेग्नन्सी आउटकम' ही नावं बघा. ही नावं झाडासारखी मांडलेली आहेत. वरचं नाव घेतलं की खालच्या फांद्या आपोआप येतात.

काही जण मेश शिकले की फक्त मेशनंच शोधतात. भारतातल्या विद्यार्थ्यासाठी हे फार नुकसानीचं आहे. पबमेडमधल्या सगळ्याच नोंदींना मेश लागत नाही. जी नियतकालिकं मेडलाइनमध्ये नाहीत पण पबमेड सेंट्रल या मोफत पूर्ण लेखांच्या साठ्यातून पबमेडमध्ये दिसतात, त्यांच्या लेखांना ही नावं नसतात, आणि आपल्याकडची बरीच नियतकालिकं त्यात येतात. म्हणून प्रत्येक रकान्यात मेशचं नाव आणि शीर्षक-ॲब्स्ट्रॅक्टमधले शब्द दोन्ही ठेवा, आणि दोन्ही 'ऑर'नं जोडा. 'ह्यूमन्स'ची चाळणी लावतानाही हेच लक्षात ठेवा. तीही मेशवर चालते, त्यामुळे मेश नसलेला लेख माणसांवरचा असूनही गळतो.

जागेच्या नावानं शोधताना एक अडचण येते, ती विदर्भातल्या प्रत्येकाला येणारच. शोधपेटीत नुसतं 'वर्धा' टाकलं तर हजारो लेख येतात, आणि त्यातल्या बहुतेकांचा वर्ध्याच्या लोकांशी काहीच संबंध नसतो. सेवाग्राम आणि सावंगीच्या महाविद्यालयांतले प्राध्यापक आणि विद्यार्थी भरपूर लिहितात, त्यांच्या पत्त्यात वर्धा असतं आणि पबमेड पत्ताही धरतं. नागपूरचंही तेच. म्हणून गावाचं, जिल्ह्याचं नाव शोधताना शीर्षक-ॲब्स्ट्रॅक्टची खूण लावाच. तशी खूण लावून 'गडचिरोली' एकदा जरूर शोधा. प्रबंधासाठी लागो न लागो, आपल्या जिल्ह्यातल्या बायाबाळांवर काय काय लिहिलं गेलंय ते बघाल, आणि ते बघण्याचा पहिला हक्क तुमचा आहे.

त्यात तुम्हाला 'सर्च' संस्थेचे डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा 'द लॅन्सेट'मधला १९९९ चा लेख दिसेल. गडचिरोलीतल्या ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग झाला, तुलनेला ४७ गावं होती, आणि नवजात मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झालं. हा लेख मी इथे आणतोय तो आणखी एका कारणासाठी. गावातल्या ज्या बायांनी हे काम केलं त्यांना लेखात 'व्हिलेज हेल्थ वर्कर' म्हटलंय. आशा ही योजना २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानासोबत आली, आणि घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम आशाताईंकडे २०११ पासून आलं. फक्त 'आशा' टाकून शोधणाऱ्याला ज्या संशोधनातून ते काम उभं राहिलं तेच सापडणार नाही. त्यासाठी मेशचं 'कम्युनिटी हेल्थ वर्कर्स' आहे. काळाप्रमाणे शब्द बदलतात, तुमच्या रकान्यात जुन्या काळचेही शब्द हवेत.

आता पाच वर्षांच्या अटीबद्दल. मॅडमचा हेतू बरोबर आहे, रिव्ह्यू शिळा नको. पण शोधतानाच ही चाळणी लावली तर तुमच्या विषयातला एक फार महत्त्वाचा लेख निघून जातो. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमणी यांनी मुंबईत १२१७ गरोदर बायांचा अभ्यास केला, तो 'बीएमजे'मध्ये २००४ साली आला. त्यातल्या ११६७ बायांचा प्रसूतीपर्यंत पाठपुरावा झाला. धूर नसलेला तंबाखू वापरणाऱ्या बायांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी होतं आणि कमी वजनाचं बाळ होण्याची शक्यता सुमारे १.६ पट होती. याच दोघांचा मृतजन्मांवरचा लेख २००६ मध्ये 'एपिडेमिऑलॉजी'त आहे. हे दोन्ही सोडून या विषयावर लिहिलेला रिव्ह्यू लंगडा राहील. मॅडमना हे दोन लेख नेऊन दाखवा आणि विचारा, "मूळ अभ्यास जुने घेऊ का, आणि त्यापुढचं अलीकडचं?" मला नाही वाटत त्या नाही म्हणतील.

असा एक पक्का लेख हाती आला की शोधाची दिशा बदलते. त्याच्या नोंदीच्या पानावर खाली 'सिमिलर आर्टिकल्स' आणि 'साइटेड बाय' दिसतं. साइटेड बाय म्हणजे नंतर कुणी कुणी या लेखाचा आधार घेतला. तिथून तुम्ही आपसूक अलीकडच्या वर्षांत येता, म्हणजे मॅडमची अटही पुरी होते. गूगल स्कॉलरमध्ये हीच यादी जास्त लांब मिळते. आणि त्या लेखाच्या नोंदीत कोणती मेश नावं लागलीत ते बघा, तुमच्या रकान्यात नसतील ती घाला आणि शोध पुन्हा चालवा. शोध नीट झालाय का हे तपासायलाही असे लेख कामाला येतात. तुम्हाला आधीच माहीत असलेले दोन-तीन चांगले लेख तुमच्या निकालांत येत नसतील, तर रकान्यात काहीतरी कमी आहे.

गूगल स्कॉलर वापरायचं का? वापरा, पण शेवटी. ते लेखाच्या पूर्ण मजकुरात शोधतं, त्यामुळे 'खर्रा' हा शब्द तिथे सापडण्याची शक्यता जास्त. पण एका शोधाचे पहिले हजारच निकाल ते दाखवतं, आकडा लाखांचा दाखवलेला असला तरी. आज चालवलेला शोध पुढच्या महिन्यात तसाच येईल याची हमी नाही, म्हणून प्रबंधातला मुख्य शोध त्याच्या भरवशावर ठेवू नका.

भारतातल्या लहान नियतकालिकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ग्लोबल इंडेक्स मेडिकस बघा, त्यात आग्नेय आशियाची वेगळी सूची आहे, तिचं नाव इमसिअर. पबमेडमध्ये नसलेलं बरंच तिथे मिळतं. पीएचडीचे प्रबंध शोधगंगेवर आहेत, त्यांच्या शेवटची संदर्भसूची चाळली तरी फायदा होतो. तुमच्या कॉलेजकडे सिनाहल असेल तर नर्सिंगसाठी ते फार चांगलं, फक्त तिथली विषयांची नावं मेशपेक्षा वेगळी असतात, पबमेडची ओळ जशीच्या तशी चिकटवू नका. कॉक्रेन लायब्ररी तुमच्या आत्ताच्या प्रश्नाला पहिली जागा नाही, कारण तिथले आढावे, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासून लिहिलेले लेख, मुख्यतः उपचारांचे. पण प्रबंधाच्या शेवटी गरोदर बायांची सवय कशी सोडवावी यावर लिहाल तेव्हा तिकडे जा.

उपकेंद्रातल्या, पीएचसीतल्या लोकांची गरज वेगळी असते, त्यांच्यासाठी चार शब्द. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतमजूर दगावले, तेव्हापासून पऱ्हाटीच्या (कापसाच्या) हंगामात डॉक्टर याच विषयावर विचारतात. त्यांना प्रबंध लिहायचा नसतो, आज समोर असलेल्या रुग्णाबद्दल नेमकं उत्तर हवं असतं. अशा वेळी रकाने पाडत बसू नका. पबमेडमधलं क्लिनिकल क्वेरीज उघडा, 'ऑर्गॅनोफॉस्फेट पॉयझनिंग', म्हणजे अशा कीटकनाशकांची विषबाधा, टाका, उपचाराचा गट निवडा. आणि आधी आढावा आहे का बघा. याच विषबाधेत ऑक्झिम हे उताऱ्याचं औषध द्यावं का यावर कॉक्रेनचा २०११ चा आढावा आहे, आणि उपलब्ध पुरावा पुरेसा नाही असं तो स्पष्ट सांगतो. असं सांगणारा आढावाही कामाचाच असतो.

आता लेख उघडण्याकडे येऊ. तीस-चाळीस डॉलर कधीही भरू नका. पबमेडच्या नोंदीत उजवीकडे पूर्ण लेखाचे दुवे असतात, त्यात पबमेड सेंट्रलचं चिन्ह असेल तर लेख मोफत आहे. वर सांगितलेला 'बीएमजे'चा लेख तसाच उघडतो. ते नसेल तर लेखाचा डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) किंवा शीर्षक युरोप पीएमसी या मोफत साठ्यात टाका, मग गूगल स्कॉलरमध्ये त्या लेखाखालच्या 'ऑल व्हर्जन्स'वर जा, लेखकाच्या विद्यापीठानं ठेवलेली प्रत पुष्कळदा तिथे असते. संगणकावर वाचत असाल तर ब्राउझरमध्ये अनपेवॉल बसवून घ्या, कायदेशीर मोफत प्रत असेल तर ते स्वतः दाखवतं. कॉक्रेनचे आढावे प्रसिद्ध झाल्यावर बारा महिन्यांनी सगळ्यांना खुले होतात. आपल्याकडची 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'सारखी नियतकालिकं मुळातच मोफत आहेत.

सरकारी कॉलेजात असाल तर आणखी मोठं दार उघडलं आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं २५ नोव्हेंबर २०२४ ला वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही योजना मंजूर केली, आणि २०२५ पासून ती सुरू झाली. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, आणि काम इन्फ्लिबनेट ही विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणारी संस्था बघते. राज्य सरकारची महाविद्यालयं यात आहेत, खासगी महाविद्यालयं सध्या नाहीत. तुमचं कॉलेज यादीत आहे का, लॉगिन कुणाकडे आहे, घरून वाचायची सोय आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. सोय असून ती विद्यार्थ्यांना माहीतच नाही असं मी फार ठिकाणी पाहिलंय, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. कुरखेड्याच्या मुलीला लॅन्सेट वाचता यावं म्हणून सरकारनं पैसे भरलेत. ते तिला कुणीतरी सांगायला हवं.

कॉलेज खासगी असेल तर ते डेलनेटसारख्या जाळ्याचं सदस्य आहे का बघा, ग्रंथालयं एकमेकांकडून लेखाची प्रत मागवू शकतात. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात प्राचार्यांचं पत्र घेऊन बसू देतात का, ते फोन करून विचारा, आणि जाताना लेखांची यादी तयार ठेवा. आणि काहीच जमलं नाही तर लेखकाला लिहा. पत्रव्यवहाराचा ईमेल लेखाच्या नोंदीत किंवा पहिल्या पानावर असतो. चार ओळी पुरतात: मी कोण, कुठल्या विषयावर काम करतेय, तुमचा अमुक लेख हवा आहे, पाठवू शकाल का. पुष्कळ लेखक आनंदानं पाठवतात. गडचिरोलीतून कुणी आपला लेख मागतंय याचं त्यांना कौतुकच असतं.

हे सगळं करायचं कशासाठी, ॲब्स्ट्रॅक्टवर भागत नाही का? नाही भागत. पुन्हा तोच २००४ चा लेख घ्या. १०५ ग्रॅम हा आकडा ॲब्स्ट्रॅक्टमध्ये आहे, तो उचलून "खर्ऱ्यामुळे वजन १०५ ग्रॅमनं घटतं" असं कुणीही लिहील. पूर्ण लेख वाचला की कळतं, त्या मुंबईच्या बायांत मिश्रीचा वापर मोठा होता. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, दातांना लावायचा. तुमच्या खर्ऱ्यात सुपारी आहे, चुना आहे, आणि तो तोंडात धरून ठेवायचा आहे. म्हणजे तो आकडा तुमच्या बायांना जसाच्या तसा लावता येत नाही. तुमच्या प्रबंधाची गरज काय, या प्रश्नाचं नेमकं उत्तर इथेच आहे. सिनॉप्सिसमध्ये (प्रबंधाच्या आराखड्यात) हेच लिहा. सुपारीच्या परिणामावर वेगळे अभ्यास आहेत का ते बघायला 'अरेका'चा शोध एकदा स्वतंत्रपणे चालवा.

एका गोष्टीबद्दल मी कडक आहे. चॅटबॉटला विचारून मिळालेले संदर्भ तसेच प्रबंधात घालू नका. ते खरे वाटतील असे लेखक, खरं वाटेल असं नियतकालिक, वर्ष, पानं सगळं देतात, आणि तो लेख अस्तित्वातच नसतो. समानार्थी शब्द सुचवायला त्यांची मदत घ्या हवी तर. पण प्रत्येक संदर्भाचं शीर्षक पबमेडमध्ये टाकून बघा, डीओआय उघडून बघा, आणि लेख स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय यादीत घेऊ नका.

लेख पबमेडमध्ये दिसला म्हणून तो विश्वासाचा, असंही नाही. नोंदीवर 'रिट्रॅक्टेड'ची पट्टी आहे का ते आधी बघा, मागे घेतलेले लेखही तिथे राहतात. नियतकालिक मेडलाइनमध्ये घेतलं जातं का ते अमेरिकेच्या त्याच राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या एनएलएम कॅटलॉगमध्ये कळतं. आठवड्यात छापून देऊ, इतके पैसे भरा, असं सांगणाऱ्या नियतकालिकांतले लेख फार जपून घ्या, आणि आपला लेख तिथे अजिबात देऊ नका.

संदर्भ जमवायला झोटेरो वापरा. मोफत आहे, व्हँकुव्हर पद्धतीची यादी स्वतः करून देतं. आजपासूनच वापरा, शेवटच्या महिन्यात हातानं क्रमांक बदलत बसण्यात फार वेळ जातो.

आणि एक वही ठेवा. कुठल्या डेटाबेसमध्ये, कोणत्या तारखेला, कोणती ओळ टाकली, किती निकाल आले, शीर्षक वाचून किती गाळले, पूर्ण लेख वाचून किती गाळले आणि का. प्रबंधाच्या पद्धती विभागात हे जसंच्या तसं जातं, आणि परीक्षकानं विचारलं की "अमुक लेख कसा नाही घेतला?" तर उत्तर तुमच्याकडे असतं.

पबमेड चालवणाऱ्या एनसीबीआयचं मोफत खातं उघडून तुमचा अंतिम शोध जतन करा आणि ईमेल अलर्ट लावा, महिन्यातून एकदाचा पुरे. नवीन लेख आला की तुम्हाला कळेल, रोज पबमेड उघडायची गरज नाही. प्रबंध बाइंडिंगला देण्याच्या आठवडाभर आधी तोच शोध सगळ्या डेटाबेसमध्ये पुन्हा एकदा चालवा, मधल्या काळात आलेलं वाचा, आणि पद्धती विभागातली शोधाची तारीख बदला. तुमचे तीन रकाने भरून झाले की त्या कागदाचा फोटो पाठवा, कुठला शब्द राहिलाय का ते मी बघून देतो.